अठ्ठावीस खणांची गोळ्यांची डबी : एक परीक्षण

आठवडाभराच्या गोळ्या वारानुसार लावून ठेवण्याची प्लास्टिकची डबी आता पुण्यात सहज मिळते. सदाशिव पेठेतील औषधांच्या घाऊक बाजारालगतच्या सर्जिकल साहित्याच्या दुकानांत, उपनगरांतील मोठ्या मेडिकल स्टोअरमध्ये आणि अर्थातच घरबसल्या मोबाइलवरून ती मागवता येते. मी घेतलेली डबी सात वारांची व प्रत्येक वाराला चार खण असलेली, म्हणजे एकूण २८ खणांची आहे आणि तिला पावणेतीनशे रुपये पडले. उत्पादकाचे नाव देता येत नाही, कारण ते डबीवर किंवा वेष्टनावर कोठेही छापलेले नाही; एका हसऱ्या परदेशी आजीबाईंचे छायाचित्र तेवढे आहे. एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंसाठी ही डबी घेतली आणि नंतर तशीच दुसरी आमच्या इमारतीतील तळमजल्यावरच्या काका-काकूंसाठी आणली, त्यामुळे हे परीक्षण दोन घरांतील वापरावर आधारलेले आहे.

प्रथम वस्तूविषयी. प्रत्येक वाराची पट्टी मूळ चौकटीतून वेगळी निघते, त्यामुळे बाहेरगावी जाताना हवे तेवढेच वार पिशवीत टाकता येतात, आणि ही सोय खरोखर चांगली आहे. खणांची झाकणे पारदर्शक असल्याने आत काय आहे ते न उघडता दिसते. वारांची नावे मात्र इंग्रजी आद्याक्षरांत आहेत, आणि त्यात मंगळवार व गुरुवार यांचे अक्षर एकच, शनिवार व रविवार यांचेही एकच. ज्यांचे शिक्षण मराठीत झाले त्या पिढीसाठी ही छपाई निरुपयोगी आहे. आम्ही पांढऱ्या चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत सोम, मंगळ, बुध असे लिहून चिकटवले. खणांच्या नावांचेही तसेच करावे लागले. डबीवर सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्र अशी विभागणी आहे, परंतु आपल्याकडील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक औषधे १-०-१ किंवा १-१-१ अशी लिहिलेली असतात आणि त्यात संध्याकाळ नसते. उलट सकाळचे दोन भाग पडतात. थायरॉइडची गोळी अनशापोटी घ्यायची असते व तिच्यानंतर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेण्यापूर्वी सुमारे चार तासांचे अंतर ठेवायचे असते, तर मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन खाण्याबरोबर घ्यायचे असते. या सर्वांना ‘सकाळ’ नावाच्या एकाच खणात टाकले, तर त्या एकदमच तोंडात जाणार हे उघड आहे. म्हणून आम्ही चार खणांना अनशापोटी, न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण अशी नावे दिली. खण तेच राहिले, पण डबी त्यानंतर खऱ्या अर्थाने कामाला आली.

झाकणे हा या डबीचा सर्वांत मोठा दोष आहे. ती नखाने उचलावी लागतात आणि नवी असताना इतकी घट्ट बसतात, की संधिवाताने बोटे वाकलेल्या माणसाला ती उघडताच येत नाहीत. तळमजल्यावरच्या काकूंना सुरुवातीला चमच्याच्या टोकाने झाकण उचलावे लागे, आणि मग खणातली गोळी उडून ओट्याखाली जाई. बटण दाबून उघडणाऱ्या झाकणांच्या डब्या थोड्या महाग असतात, पण हाताची ताकद कमी झालेल्यांसाठी त्याच घ्याव्यात. याच्या उलट काळजी नातवंडांच्या घरात घ्यावी लागते, कारण लहान मुलांना उघडता येऊ नये अशी कोणतीही सोय या डबीत नाही. गजराची सोय असलेल्या डब्याही मिळतात. मी पाहिलेल्या एका डबीचा गजर बारीक, तीक्ष्ण आवाजाचा होता, आणि उतारवयात नेमके वरच्या पट्टीतले आवाजच आधी ऐकू येईनासे होतात, हे ती बनवणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आता मुख्य प्रश्न. ही डबी ज्यासाठी घेतली जाते, ते काम ती करते का? तिच्या रचनेमागे असे गृहीत धरलेले आहे, की वृद्ध माणसे औषध घ्यायला विसरतात. विसरण्यापुरते बोलायचे तर डबी उत्तम आहे. सासूबाईंच्या बाबतीत ‘सकाळची गोळी घेतली की नाही’ हा रोजचा वाद पहिल्याच आठवड्यात संपला आणि शंकेपोटी तीच गोळी पुन्हा घेतली जाण्याचा धोकाही टळला. तरीही रविवारी रात्री डबी पुन्हा भरायला घेतली, की दोन-चार खणांत गोळ्या शिल्लक असत. ते खण कोणते आहेत हे मी पाहू लागले, तेव्हा त्यांत एक क्रम असल्याचे दिसले. विसरलेल्या गोळ्या कोठेही विखुरलेल्या असायला हव्या होत्या. या मात्र ठरावीक वारी, ठरावीक वेळेच्याच राहत होत्या. अशा गोळ्यांच्या मागे विसराळूपणा नसतो, निर्णय असतो.

गुरुवारच्या न्याहारीच्या खणातील लघवी वाढवणारी गोळी नेहमी उरे. रक्तदाब, हृदयविकार किंवा पायांवरची सूज यांसाठी ही गोळी दिली जाते. फ्युरोसेमाइड या प्रकारच्या गोळीचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. सासूबाई गुरुवारी सकाळी मठात जातात. तेथपर्यंतचा बसचा प्रवास, वाटेतली वाहनांची कोंडी आणि रस्त्यात बायकांसाठी स्वच्छ मुतारी मिळण्याची एकंदर शक्यता यांचा हिशेब त्यांनी केव्हाच करून ठेवला होता. मी विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, चारचौघांत फजिती होण्यापेक्षा एक दिवस गोळी नको.” लग्न, मुंज, बँकेतील काम किंवा ज्येष्ठ नागरिक संघाची सहल, अशा प्रत्येक वेळी ही गोळी मागे पडते, हे नंतर इतरांकडूनही कळले. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गुरुवारपुरती गोळी घरी परतल्यावर, दुपारी घेण्यास परवानगी दिली. प्रश्न एका वाक्यात सुटला, परंतु ते वाक्य डॉक्टरांसमोर कोणी उच्चारलेच नव्हते. तपासणीच्या खोलीत मुलगा किंवा नातू शेजारी बसलेला असताना लघवीचा विषय काढणे त्या पिढीच्या बाईला किती अवघड जाते, हे समजण्यासारखे आहे.

दुसरा क्रम उपासांचा होता. तळमजल्यावरच्या काकांना मधुमेह आहे आणि संकष्टी ते गेली कित्येक वर्षे चंद्रोदयापर्यंत करतात. त्या दिवशी दुपारच्या व रात्रीच्या खणांना ते हात लावत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की जेवणच नाही तर जेवणानंतरची गोळी कशी घ्यायची? हा तर्क वाटतो तितका चुकीचा नाही. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन पोट रिकामे ठेवले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. परंतु त्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि राजगिऱ्याचे लाडू भरपेट खाऊन गोळी मात्र टाळली, तर साखर उलट चढते. श्रावण, नवरात्र, एकादश्या आणि संकष्ट्या एकत्र मोजल्या, तर वर्षातील गोळीविना गेलेले दिवस थोडे नसतात. उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती निम्मी करायची व कोणती वगळायची, हे डॉक्टर सांगू शकतात, पण त्यासाठी त्यांना ‘तुम्ही उपास करता का’ असे विचारावे लागते किंवा रुग्णाला रागावून घेण्याची भीती न बाळगता ते सांगावे लागते. डबीत संकष्टीसाठी खण नाही.

तिसरे कारण गोळ्यांच्या त्रासाचे आहे आणि ते लोक सर्वांत उशिरा बोलून दाखवतात. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो, मेटफॉर्मिनने सुरुवातीस पोट बिघडते, प्रोस्टेटसाठी दिलेल्या टॅम्सुलोसिनने अंथरुणातून उठताना चक्कर येते. या सर्व ज्ञात गोष्टी आहेत आणि बहुतेकांना पर्यायी औषध उपलब्ध असते. परंतु ‘गोळ्या उष्ण पडतात’ या एका वाक्यात त्या सर्व गुंडाळून टाकल्या जातात आणि औषध परस्पर बंद होते. पुढच्या भेटीत रक्तदाब वाढलेला दिसतो, डॉक्टरांना वाटते की मात्रा पुरत नाही, आणि चिठ्ठीत आणखी एका गोळीची भर पडते. न घेतलेल्या औषधाची मात्रा वाढवली जाण्याचा हा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला आहे. याहून गंभीर बाब अशी, की मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल यांसारखी हृदयाची काही औषधे एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असतात.

याच्या जोडीला ‘आता बरे वाटते आहे’ हे कारण आहेच. उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, त्यामुळे गोळी घेतल्याने काही बरे वाटत नाही आणि न घेतल्याने काही बिघडल्यासारखे वाटत नाही. ‘गोळ्यांनी किडनी जाते’ ही भीतीही सर्वत्र आढळते. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या बाबतीत ती निराधार नाही, पण मूत्रपिंडे निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे अनियंत्रित मधुमेह व रक्तदाब हीच आहेत. गंमत अशी, की गुडघेदुखीची गोळी खणात कधीच शिल्लक राहत नाही. ती न सांगता घेतली जाते आणि कित्येकदा चिठ्ठीत नसतानाही घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मधील अहवालात, विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांत सांगितल्याप्रमाणे औषधे घेण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्केच असल्याचे म्हटले होते. तेव्हा हा केवळ आपल्या म्हाताऱ्यांचा हट्टीपणा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

यापुढचे कारण डबीच्या आवाक्याबाहेरचे आहे. तळमजल्यावरच्या डबीत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काकूंचे खण रिकामेच भरले जात, म्हणजे त्यांत गोळ्या घातल्याच जात नसत. काकांचे खण मात्र पूर्ण असत. काका पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत आणि कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली मिळणारी रक्कम मोजकीच आहे. या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, एवढे सांगितले तरी पुरे. काकू कोलेस्टेरॉलची गोळी एक दिवसाआड घेत होत्या आणि रक्तदाबाची गोळी सुरीने अर्धी करून दोन दिवस पुरवत होत्या. ती गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची होती. नावापुढे एसआर, एक्सएल किंवा ईआर अशी अक्षरे असलेल्या अनेक गोळ्या मोडल्या, की संपूर्ण औषध एकदम अंगात उतरू शकते. मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “यांचं हृदयाचं आहे, त्यांना खाडा नको. माझं काय, नुसतं बीपीच तर आहे.” घरातील बाईने स्वतःच्या औषधात काटकसर करायची, ही रीत ताटात शेवटी वाढून घेण्याच्या रीतीहून फार वेगळी नाही, आणि ती घरात कोणाला दिसतही नव्हती.

रुग्णालयाच्या खर्चासाठी आता काही आधार आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. परंतु ते दवाखान्यात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांचे आहे; त्यात घरी परतल्यावरची १५ दिवसांची औषधे येतात, पण दर महिन्याच्या गोळ्या येत नाहीत. नेहमीच्या मेडिक्लेमचेही बहुधा असेच असते. पक्षाघात झाल्यावरच्या उपचारांना पैसा आहे आणि तो टाळणाऱ्या रोजच्या गोळीला नाही, अशी ही विचित्र रचना आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार नि:शुल्क झाले असून पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय त्यात मोडते. मात्र धायरीत राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसाने बस बदलत औंधला जाणे, रांगेत उभे राहणे आणि परत येणे याचीही एक किंमत असते, व ती कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

काकूंच्या बाबतीत उपयोगी पडले ते जनऔषधी केंद्र. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत औषधे ब्रँडच्या नावाऐवजी मूळ नावाने विकली जातात आणि त्यांची किंमत आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक नसावी, असे धोरण आहे. पुण्यात बहुतेक भागांत अशी केंद्रे आहेत. येथे वृद्धांची अडचण वेगळीच होते. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असते, पाकिटावर दुसरेच नाव असते, आणि गुलाबी गोळीच्या जागी पांढरी गोळी येते. “ही माझी गोळीच नव्हे,” म्हणून काकूंनी पहिली पट्टी आठवडाभर तशीच ठेवली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन्ही नावे स्वतःच्या हाताने लिहून दिल्यावर त्यांचा विश्वास बसला. आता महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातही त्यांचे खण भरलेले असतात, आणि त्याचे श्रेय मी डबीला देणार नाही. डबीने फक्त ते खण रिकामे असल्याचे दाखवले.

डबी घेणाऱ्यांनी औषधांच्या बाबतीत काही गोष्टी जाणून घ्याव्यात. पट्टीतून काढलेली गोळी ओळखता येत नाही. अचानक दवाखान्यात जावे लागले, तर सुट्या गोळ्यांवरून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. म्हणून औषधांच्या नावांची चिठ्ठी डबीच्या तळाशी चिकटवावी. काही औषधे मूळ वेष्टनातून बाहेर काढायचीच नसतात. हृदयविकारात छातीत दुखू लागल्यास जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी तिच्या काचेच्या बाटलीतच राहायला हवी, रक्त गोठू न देणाऱ्या डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल मूळ पाकिटातच ठेवायच्या असतात, आणि फिट येण्यावरच्या व्हॅलप्रोएटच्या गोळ्या हवेतील ओल शोषून घेतात, जी पुण्याच्या पावसाळ्यात भरपूर असते. अशा गोळ्यांसाठी पट्टीचा तुकडा कात्रीने कापून खणात ठेवावा, असे सुचवले जाते, परंतु या डबीचे खण त्यासाठी लहान आहेत. कॅल्शियमची मोठी गोळीसुद्धा त्यात कशीबशी मावते. शिवाय वापराची अंतिम तारीख पट्टीच्या एका टोकालाच छापलेली असते आणि तो तुकडा नेमका आधी संपतो. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधांसाठी मात्र डबी फारच उपयुक्त आहे. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतते. ती गोळी एकाच वाराच्या खणात असणे आणि उरलेली पट्टी दुसऱ्याच्या ताब्यात असणे हा मोठा बचाव आहे.

आणखी एक त्रास आहे, आणि तो डबीचा नसून औषधांच्या पट्ट्यांचा आहे. एका औषधाची पट्टी १० गोळ्यांची, दुसऱ्याची १४ आणि तिसऱ्याची १५ गोळ्यांची असते, त्यामुळे महिन्याची औषधे एकाच दिवशी कधीच संपत नाहीत. एकट्या राहणाऱ्या माणसाला महिन्यातून तीन-चार वेळा दुकानात जावे लागते किंवा ज्याची मुले परदेशात आहेत त्याला शेजाऱ्यांना सांगावे लागते. शेजाऱ्यांना वारंवार सांगण्याचा संकोच हेदेखील गोळी न घेण्याचे एक कारण आहे. यावर उपाय म्हणून आम्ही डबी भरताना पुढच्या दोन आठवड्यांच्या गोळ्याही मोजतो आणि जे कमी पडणार असेल ते एकत्र मागवतो.

डबी कोणी भरायची, हे घेण्यापूर्वीच ठरवावे. सासूबाईंची डबी पहिल्यांदा मी एकटीने भरली, तेव्हा त्या दोन दिवस नाराज होत्या. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला तिच्या गोळ्या दुसऱ्याने मोजून दिलेल्या आवडत नाहीत. आता त्या भरतात आणि मी चिठ्ठीवरची नावे वाचते. उरलेल्या गोळ्यांबद्दल विचारतानाही ‘का नाही घेतलीत?’ असे विचारले, तर ‘विसरले’ असे उत्तर येते, कारण त्या उत्तरावर कोणी रागावत नाही. ‘आई, ही गोळी घेतल्यावर काही त्रास होतो का?’ असे विचारले, की खरे कारण बाहेर पडते.

ज्यांना दिवसातून तीन-चार वेळा गोळ्या घ्याव्या लागतात, ज्यांची नजर व बोटे ठीक आहेत आणि ज्यांच्याकडे आठवड्यातून एकदा शेजारी बसणारे कोणीतरी आहे, त्यांनी ही २८ खणांची डबी जरूर घ्यावी. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या हाती ती सोपवू नये. त्यांना वार ओळखता येत नसेल, तर वारांची डबी गोंधळात भरच घालते. ज्यांची सर्व औषधे सकाळी एकदाच असतात, त्यांना सात खणांची लहान डबी पुरते व ती बऱ्याच कमी किमतीत मिळते. खरेदीला जाताना शक्य असेल तर ज्यांच्यासाठी डबी घ्यायची त्यांनाच दुकानात न्यावे, झाकण त्यांच्या बोटांनी उघडून पाहावे, आणि घरातील सर्वांत मोठी गोळी नमुन्यादाखल बरोबर ठेवावी.